चव-पसंतीची सांख्यिकीय कसोटी
चवीच्या नोंदींना कोणती कसोटी लावायची, हे प्रश्न कसा विचारला त्यावर ठरते. समजा, इंदापूरच्या बागायतदाराने 30 जणांना ‘गणेश’ आणि ‘भगवा’ डाळिंबाचे दाणे क्रमांक घातलेल्या वाट्यांतून, क्रम आलटूनपालटून दिले. ‘कोणते आवडले?’ एवढेच विचारले, तर द्विपद कसोटी पुरते: 5 टक्के पातळीवर, दोन्ही बाजू खुल्या ठेवल्यास, निदान 21 जण एकीकडे हवेत. 20 जण हा योगायोगही असू शकतो. नऊ-बिंदू श्रेणीवर गुण घेतले असतील, तर विलकॉक्सनची चिन्हांकित-क्रम कसोटी (1945). तिसरा वाण आला की फ्रीडमनची (1937). साठही गुण सुटे धरून काय-वर्ग लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. एकाच जिभेची दोन उत्तरे परस्परांपासून स्वतंत्र नसतात.