समीकरणांतील दुसरें उत्तर

१९२८ सालीं केंब्रिज येथील पॉल डिरॅक यांनीं इलेक्ट्रॉनविषयीं एक समीकरण मांडलें. त्याचें एक उत्तर ओळखीचें होतें. दुसरें ऋण ऊर्जेचें, म्हणजे अनुभवास न पटणारें. तें सोडावें तर समीकरणच अपुरें राही. डिरॅक यांनीं प्रथम त्याची सांगड प्रोटॉनशीं घातली. पण १९३० सालीं ओपेनहायमर यांनीं दाखविलें कीं, तसें असतें तर अणूंतील इलेक्ट्रॉन व प्रोटॉन एकमेकांस क्षणांत नष्ट करते. एकहि वस्तु टिकली नसती. तेव्हां १९३१ सालीं डिरॅक यांनीं लिहिलें कीं, इलेक्ट्रॉनाइतक्याच वस्तुमानाचा, परंतु धन विद्युद्भाराचा, अद्याप न दिसलेला कण असला पाहिजे.

२ ऑगस्ट १९३२ रोजीं अमेरिकेंत पॅसाडेना येथें कार्ल अँडरसन विश्वकिरणांचीं छायाचित्रें घेत होते. डिरॅक यांचा कण शोधणें हा त्यांचा हेतु नव्हता. बाष्पपेटींत चुंबकाच्या प्रभावानें एक रेघ इलेक्ट्रॉनाच्या उलट वळलेली दिसली. वाटेंतील ६ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पत्र्यापलीकडे ती अधिक वांकली. म्हणजे कण तेथें मंदावला होता, आणि त्याची दिशा निर्विवाद ठरली. तोच पॉझिट्रॉन.

पॉझिट्रॉन व इलेक्ट्रॉन भेटले कीं दोघेहि नाहींसे होतात आणि त्यांचें सर्व वस्तुमान, बहुधा दोन गॅमा किरणांच्या रूपानें, ऊर्जा होऊन निघून जातें. उलट, प्रबळ गॅमा किरण अणुकेंद्राजवळून जातांना हीच जोडी जन्मास घालतो. १९५५ सालीं बर्कले येथें प्रतिप्रोटॉनहि सांपडला. जें उत्तर टाकाऊ वाटलें होतें, तें सृष्टीचें दुसरें अंग ठरलें.