आकडा कोण सांगणार? न्यूयॉर्कच्या कापसापासून ‘ओरॅकल’पर्यंत

बेलपाडा मेट्रो स्टेशनपासून उत्सव चौकापर्यंत चालत गेलात तरी क्रिप्टोवर बोलणारी दोन-चार पोरं भेटतात, म्हणून लिहितोय. “सगळं कोडवर चालतं, माणसाचा हात लागतच नाही, मग फसवणूक होणार कशी?” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अर्धं खरं आहे. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे अट पूर्ण झाली की आपोआप पैसे फिरवणारा करार. पण डॉलरचा भाव काय, पाऊस किती पडला, मॅच कोण जिंकलं, हे त्या कराराला स्वतःहून कळत नाही. बाहेरची खबर त्याला कोणीतरी आणून द्यावी लागते. आणून देणाऱ्याला ‘ओरॅकल’ म्हणतात. आता खबऱ्याच खोटं बोलला तर?

हा प्रश्न मुंबईने साठ वर्षांपूर्वीच बघितलाय. मटक्याच्या आधी ‘आकडा’ होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवरून मुंबईच्या कापूस बाजारात यायचे आणि त्या भावांवर इथे पैसे लागायचे. लावणारा गिरणी कामगार, घेणारा बुकी, आणि आकडा सातासमुद्रापलीकडचा. मला विचाराल तर जुगार म्हणून वाईट असला तरी खबर म्हणून तो आकडा चोख होता. लालबागचा बुकी कितीही बेरकी असो, न्यूयॉर्कचा कापूस काही त्याच्या हातात नव्हता.

१९६१च्या सुमारास ते आकडे येणं बंद झालं. खबर थांबली, पण पैसे लावणारे थांबले नाहीत. १९६२मध्ये वरळीत कच्छहून आलेल्या कल्याणजी भगत यांनी स्वतःचाच आकडा काढायला सुरुवात केली. १९६४मध्ये फाळणीनंतर कराचीहून आलेले रतन खत्री आपला वेगळा मटका घेऊन उतरले. तीन पत्ते काढायचे, बेरीज करायची, शेवटचा अंक घ्यायचा. म्हणजे ३, ६, ४ निघाले तर तेरा, आकडा तीन. रात्री एकदा ‘ओपन’, मग ‘क्लोज’. इथे गंमत बघा, आकडा काढणारा आणि पैसे घेणारा आता एकाच घरातला झाला. मग लोकांनी विश्वास का ठेवला? खत्रींबद्दल सांगतात की ते चारचौघांत पत्ते काढायचे, कधी समोरच्याच माणसाला पत्ता उचलायला लावायचे. एकाच माणसाच्या हातातला खेळ, पण उघड्यावर. त्या विश्वासावर किती संसार बुडाले ते गिरणगावात विचारा.

विश्वास असा बंद खोलीत ठेवला की काय होतं ते लंडनने दाखवलं. ‘लायबॉर’ हा व्याजदर मोठ्या बँका रोज आपापला अंदाज सांगून ठरवायच्या आणि जगभरची कर्जं त्यावर चालायची. २०१२मध्ये बार्कलेजला दंड झाला तेव्हा कळलं की अंदाज सोयीने सांगितले जात होते.

आणि २० एप्रिल २०२०. लॉकडाऊनमुळे मुंबईच्या एमसीएक्सवर क्रूडचे व्यवहार संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचे. पण त्या सौद्याचा शेवटचा भाव ठरायचा न्यूयॉर्कवरून. आपल्याकडे रात्र असताना तिथे तेल उणे ३७.६३ डॉलरवर गेलं. इथला सौदा मिटला बॅरलला उणे २,८८४ रुपयांनी! तेल विकत घेणाऱ्यालाच उलट भुर्दंड, आणि सौदा सोडायला बाजार उघडा नाही. प्रकरण कोर्टात गेलं. आकडा खोटा नव्हता हं. खबर खरी होती, फक्त ती आली तेव्हा इथली दारं बंद होती.

आता ब्लॉकचेनवाल्यांनी काय केलं ते बघू. चेनलिंक २०१९मध्ये इथेरियमवर सुरू झालं. त्यांची युक्ती अशी की एकाला विचारू नका, बऱ्याच जणांना विचारा आणि सगळी उत्तरं ओळीने लावून मधलं घ्या. एखाद-दुसरा खोटारडा निघाला तरी मधला आकडा हलत नाही. पिथ या जाळ्याने उलटी वाट धरली. निरोप्या नकोच, भाव ज्यांच्याकडे तयार होतो ते एक्स्चेंज आणि मोठे ट्रेडरच थेट आकडा देतील. वेग आला, पण सप्टेंबर २०२१मध्ये त्यांनी बिटकॉइनचा भाव काही क्षण साडेपाच हजार डॉलरच्या खाली दाखवला, खरा चाळीस हजारांच्या वर असताना. तिसरी तऱ्हा ‘युमा’ची. कोणीही उत्तर मांडा, कोणी हरकत घेतली नाही तर तेच खरं, हरकत आली तर टोकनवाल्यांचं मतदान. ग्रामसभेसारखं वाटतं ना? पण इथे एका माणसाला एक मत नाही, जितकी टोकनं तितकी मतं. मार्च २०२५मध्ये युक्रेनच्या खनिज कराराच्या सट्ट्यावर यावरूनच मोठी ओरड झाली.

माझं मत स्पष्ट आहे. भावासाठी चेनलिंकची पद्धत या तिघांत बरी, पण तीही बाजारच हलवला तर काय करणार? ऑक्टोबर २०२२मध्ये ‘मँगो मार्केट्स’ नावाच्या क्रिप्टो बाजारात असंच झालं. एकाने पातळ बाजारात त्यांचं टोकन स्वतःच खरेदी करून भाव फुगवला, ओरॅकलांनी तो फुगलेला भाव इमानदारीने कळवला, आणि पठ्ठ्याने त्या फुगलेल्या भावाच्या जोरावर शंभर मिलियन डॉलरहून जास्त उचलून नेले. खबऱ्यांनी बघितलं ते सांगितलं, बस.

मँगोवरून आपल्या आंब्याकडे येऊ. कोकणातल्या बागायतदारांना हवामानावर आधारित फळपीक विमा मिळतो, आंबिया बहाराचा. अवकाळी पाऊस किंवा तापमान ठरलेल्या आकड्याच्या बाहेर गेलं की भरपाई. कोड नाही, पण करार तसाच. आणि ओरॅकल कोण? महसूल मंडळातलं स्वयंचलित हवामान केंद्र. महावेध प्रकल्पात स्कायमेटने राज्यात अशी दोन हजारांवर केंद्रं उभारली. मंडळामागे एक. इथे बरेच जण नाहीत, मधलं उत्तर नाही, हरकतीचं मतदान नाही. डोंगरउतारावरच्या बागेत पाऊस झोडपतो, केंद्र सपाटीला कोरडं राहतं, आणि विम्याच्या हिशोबात पाऊस पडलेलाच नसतो.

आकडा दुसऱ्याने सांगायचा आणि आपण मान्य करायचा, हे आपल्या गावांना नवीन नाही. सिडकोसाठी जमिनी गेल्या तेव्हाचा भाव कोणी सांगितला होता? जानेवारी १९८४मध्ये जासई-दास्तानला पाच जणांनी जीव दिला, त्यानंतर कुठे साडेबारा टक्क्यांचा रस्ता उघडला.

तर ज्यांची पनवेल-पेणकडे बाग आहे त्यांनी बहाराआधी कृषी कार्यालयात जाऊन दोन गोष्टी विचारा. आपल्या मंडळाचं केंद्र नेमकं कुठे आहे आणि ते चालू आहे का? आणि ॲपवाल्या पोरांनो, पैसे टाकण्याआधी एवढं शोधा की भाव कुठल्या ओरॅकलवरून येतो, आणि तो बंद पडला तर सौदा कोण थांबवणार. उत्तर सापडलं तर खाली कमेंटमध्ये टाका, मलाही वाचायचंय.