सिकलसेल असलेल्या महिलेचं बाळंतपण : रक्त कमी म्हणून फक्त गोळ्या घेऊन थांबू नका

शुक्रवार पेठ, सोलापूर : गरोदर बाईला थकवा आला, चेहरा पांढरा पडला की आपल्याकडे लगेच म्हणतात, "रक्त कमी आहे, लोहाच्या गोळ्या घे." बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण कारण सिकलसेल असेल तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही.

सिकलसेल म्हणजे काय?
हा जन्मजात, आई-वडिलांकडून येणारा आजार आहे. तो शिवल्याने किंवा उष्टं खाल्ल्याने होत नाही. यात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, लवकर फुटतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हातपाय, सांधे, पाठ असह्य दुखते. राज्यात विदर्भ आणि नंदुरबारच्या पट्ट्यात रुग्ण जास्त आहेत. पण लग्न, नोकरी, मजुरीमुळे माणसं सगळीकडे जातात.

वाहक आणि रुग्ण यांत फरक
वाहकाला सहसा काही त्रास होत नाही. मात्र नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते. म्हणून पत्रिकेआधी रक्त तपासा. दिवस गेले असतील तर दोघांचीही तपासणी पहिल्या तीन महिन्यांतच करा.

रुग्ण महिलेला धोका कशाचा?
दुखण्याचे झटके वाढतात. रक्त आणखी कमी होतं. बीपी वाढणं, लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्ताच्या गाठी होऊ शकतात. बाळ कमी वजनाचं किंवा दिवस भरण्याआधी जन्मू शकतं, पोटात दगावूही शकतं.

काय करावं?
• हायड्रॉक्सीयुरिया चालू असेल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारा.
• फॉलिक अॅसिड डॉक्टर सांगतील तेवढं रोज घ्या. वारंवार रक्त चढवलं असेल तर अंगात लोह जास्त साठलेलं असू शकतं, म्हणून लोहाच्या गोळ्या तपासून मगच घ्या.
• पाणी भरपूर प्या. उपास, उन्हातली कामं, गार पाण्यात भिजणं टाळा.
• दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते, ती चुकवू नका.
• बाळंतपण घरी नको. रक्तपेढीची सोय असलेलं मोठं रुग्णालय आधीच ठरवा. आपल्याकडे सिव्हिल, म्हणजे सोलापूरचं श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय आहे.

थांबू नका, १०८ ला फोन करा
छातीत दुखणं, दम लागणं, ताप, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, अंगावरून रक्त जाणं किंवा बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली असून २०४७ पर्यंत हा आजार संपवण्याचं उद्दिष्ट आहे. तपासणी कुठे होते, ते गावातल्या आशाताईंना विचारा. वेळेवर तपासणी आणि नियमित उपचार मिळाले तर सिकलसेल असलेल्या अनेक महिला सुखरूप बाळंत होतात. लपवल्याने मात्र धोका वाढतो.