झाडाचे चित्र काढा, विज्ञानाला मदत करा: 'सीझनवॉच' काय आहे?
'सीझनवॉच' हा भारतातील झाडांचे ऋतुचक्र टिपणारा, सामान्य लोकांच्या नोंदींवर चालणारा प्रकल्प आहे. शिक्षक आणि मुलांनी एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला तेच पाहायचे. पालवी, कळ्या, फुले, कच्ची-पिकलेली फळे, प्रत्येकासमोर 'नाही', 'थोडी' किंवा 'भरपूर' लिहायचे.

चित्रकलेचा तास इथे कामी येतो. बहाव्याची फांदी वहीत काढताना कळी कुठली, उमललेले फूल कुठले, हे बघावेच लागते. (फोटो काढला की मुले लगेच पुढे पळतात!)

एक चूक मात्र नेहमी होते. "आज काहीच नाही" म्हणून वही मिटली जाते. पण 'नाही' हीसुद्धा नोंदच आहे. ती नसेल, तर बहर नेमका कधी सुरू झाला, यंदा लवकर आला का, हे सांगता येणार नाही.