कुजलेला चारा आणि अम्मीची गोळी

बारावीच्या वर्गात मी एकदा मुलांना विचारले, "पुढे काय होणार?" डॉक्टर, इंजिनिअर ही उत्तरे नेहमीप्रमाणे आलीच. एक मुलगा मात्र उभा राहून म्हणाला, "सर, मी व्हेटर्नरीला जाणार." सारा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणी तरी "ढोरांचा डॉक्टर!" अशी त्याची टर उडविली. बिचारा खाली बसला. त्या हसण्याला उत्तर देणे हे शिक्षक म्हणून माझे कर्तव्य होते. मी इतिहास शिकवितो, म्हणून उत्तरही इतिहासातूनच देतो.

माझ्या अम्मीच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. रक्ताची गुठळी होऊन ती झडप अडकू नये, यासाठी ती रोज रात्री वॉर्फरिनची एक लहानशी गोळी घेते. या गोळीची हकीकत माणसांच्या इस्पितळात सुरू होत नाही. ती सुरू होते कॅनडातील गुरांच्या गोठ्यात.

१९२०च्या सुमारास कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तर भागातील गुरांवर एक विचित्र संकट कोसळले. शिंगे कापली किंवा खच्चीकरण केले, की जनावराचे रक्त थांबेचना. धडधाकट दिसणारी गुरे रक्तस्रावाने मरू लागली. साथीचा रोग असावा, असा अनेकांचा कयास होता. ऑन्टारिओ पशुवैद्यक महाविद्यालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. फ्रँक स्कोफिल्ड यांनी मात्र कयासावर विसंबून न राहता मेलेल्या जनावरांचे शवविच्छेदन केले आणि ती काय खात होती याची चौकशी केली. या गुरांना लसूणघासाच्या जातीचा 'स्वीट क्लोव्हर' नावाचा चारा मिळत होता आणि ओलाव्याने त्याला बुरशी लागलेली होती.

मग त्यांनी एक साधा प्रयोग केला. एकाच गंजीतील चांगल्या काड्या आणि खराब काड्या वेगळ्या केल्या. चांगल्या काड्या एका सशाला घातल्या, खराब काड्या दुसऱ्याला. पहिला ससा ठणठणीत राहिला, दुसरा रक्तस्रावाने मेला. दोष चाऱ्यात नव्हता, त्याच्या कुजण्यात होता. १९२२ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

पुढे नॉर्थ डकोटातील पशुविकृतिशास्त्रज्ञ ली रॉडरिक यांनी दाखवून दिले, की या गुरांच्या रक्तात रक्त गोठविणाऱ्या प्रोथ्रोम्बिन या द्रव्याची उणीव होते. ताजे रक्त दिले, तर जनावर वाचू शकते. १९३३च्या फेब्रुवारीत, भर हिमवादळात विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, कुजलेला चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेली दुधाची किटली घेऊन कार्ल पॉल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. लिंक आणि त्यांचे सहकारी सहा वर्षे त्या विषाच्या मागे लागले आणि १९३९ साली त्यांनी ते शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याचे नाव डायकुमेरॉल. त्याच कुळातील वॉर्फरिन १९४८ साली प्रथम उंदरांचे विष म्हणून बाजारात आले. १९५४ साली माणसांवरील उपचारासाठी त्याला मान्यता मिळाली आणि १९५५ साली हृदयविकाराचा झटका आलेल्या राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनाही ते देण्यात आले. विष आणि औषध यांच्यामध्ये अंतर राहिले ते केवळ मात्रेचे. म्हणूनच अम्मीला आजही ठराविक दिवसांनी रक्त तपासावे लागते.

ही मात्रा ठरवायची कशी? १९३७ साली अमेरिकेत सल्फानिलामाइडचे एक गोड पातळ औषध विक्रीस आले. ते ज्या द्रवात विरघळविले होते, ते डायएथिलिन ग्लायकॉल मूत्रपिंडाला घातक होते. विकण्यापूर्वी कोणत्याही प्राण्यावर चाचणी झालेली नव्हती. शंभरावर माणसे दगावली, त्यांत अनेक लहान मुले होती. पुढच्याच वर्षी कायदा झाला, की आधी सुरक्षितता सिद्ध करा, मग औषध विका.

माणसाला औषध देण्यापूर्वीच्या या संशोधनाला प्रीक्लिनिकल संशोधन म्हणतात. यात पशुविकृतिशास्त्रज्ञाचे स्थान मोठे आहे. उंदीर किंवा कुत्रा यांना औषध दिल्यानंतर यकृत, मूत्रपिंड, हृदय अशा अवयवांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासून कोणत्या मात्रेला कोठे इजा झाली, हे तोच सांगतो. त्याने दिसले ते लिहिले नाही, तर किंमत रुग्णाला मोजावी लागते. १९७०च्या दशकात अमेरिकेतील एका मोठ्या चाचणी प्रयोगशाळेच्या नोंदी खोट्या निघाल्या. त्यातूनच प्रयोगशाळांच्या कामकाजाचे कडक नियम १९७९ पासून तेथे लागू झाले. विनाकारण एकाही प्राण्याचा बळी जाऊ नये, हेही या शास्त्राचे आता बंधन आहे.

स्कोफिल्ड यांचे आणखी एक स्मरण करून देतो. पोलिओने अधू झालेला हा माणूस १९१६ साली मिशनरी म्हणून कोरियात शिकविण्यास गेला. १९१९ साली जपानी सत्तेविरुद्ध तेथील जनता उठली, तेव्हा त्याने कॅमेरा घेऊन निदर्शनांची छायाचित्रे काढली. जेआम्नी गावात सैनिकांनी गावकऱ्यांना चर्चमध्ये कोंडून जाळले, तेथेही जाऊन त्याने पुरावा गोळा केला. १९७० साली तो सोलमध्ये वारला. कोरियाने त्याला आपल्या राष्ट्रीय स्मशानभूमीत जागा दिली. गोठ्यात आणि जळलेल्या गावात त्याने एकच काम केले. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि पाहिले तेच जगाला सांगितले.

विद्यार्थी मित्रांनो, हा मार्ग आपल्या आवाक्याबाहेरचा नाही. मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ पासून चालू आहे. नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर येथेही महाविद्यालये आहेत. पदवीला इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे लागतात. त्यानंतर विकृतिशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण आणि मग वर्षानुवर्षे सूक्ष्मदर्शकापुढे बसण्याची चिकाटी हवी. औषधनिर्मितीच्या प्रयोगशाळांना अशा माणसांची गरज आहे.

पालकांनाही एक विनंती आहे. एम.बी.बी.एस.ला नंबर लागला नाही म्हणून नाइलाजाने घ्यायचे शिक्षण, अशा नजरेने याकडे पाहू नका. वर्गात ही सारी हकीकत सांगून झाल्यावर कोणी हसले नाही. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने मात्र हळूच विचारले, "सर, फॉर्म कधी सुटतात?"