बहात्तर पाहिलेली माणसं अजून आहेत, तोवर विचारून घ्या

पोस्ट थोडी लांब आहे, चहा घेऊन बसा.

आपल्या सोलापूर जिल्ह्यात हवामान बदलावर कार्यक्रम असला की स्टेजवर तज्ज्ञ, समोर कॉलेजची पोरं. आणि म्हातारी माणसं? ती बाहेर पारावर. वीसएक वर्षं बातमीदारी करतोय, चित्र हेच. पारावर पावसाचा विषय निघाला की पोरं मोबाईलमध्ये तोंड घालतात. दोन्हीकडं बोलणं एकाच गोष्टीवर चाललेलं असतं, पुढं खायचं काय. पण एकमेकांशी कुणी बोलत नाही.

1972 ला जो 15 वर्षांचा होता तो आता सत्तरीला टेकलाय. म्हणजे वेळ फार नाही.

बहात्तरचा दुष्काळ म्हणतो आपण, पण त्याच्या आधीची दोन वर्षंही पावसानं हात आखडताच घेतला होता. 72 ला पाऊस गेला तेव्हा घरातल्या कणग्या आधीच तळाला गेल्या होत्या. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर जवळपास 50 लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचा, बांध घालायचे. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनला अमेरिकेची लाल मिलो. मिलोची भाकरी थापताना फुटायची, हे मी कितीतरी आज्यांकडून ऐकलंय. गाजर गवतही मिलोबरोबर आलं, असं हटकून सांगतात. तेवढं मात्र बरोबर नाही. ते गवत पुण्यात 1950 च्या दशकातच सापडलं होतं. आठवण तपासून घ्यावी लागते, आणि तपासायला नातवाचा मोबाईल आहेच की.

याच्या शंभर वर्षं आधीचा, 1876-78 चा दुष्काळ बघा. इंग्रज सरकारनं कामावरच्या मजुराचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं. म्हणजे साडेचारशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर दिवसभर माती वाहायची. आपल्या मुंबई इलाख्यातली माणसं काम सोडून निघून गेली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं सरकारकडं अर्जांवर अर्ज केले. देशात लाखोंनी बळी गेले. बहात्तरला तसं झालं नाही, त्याला एक कारण म्हणजे लोकांनी काम हक्कानं मागितलं. मोर्चे काढले, तहसीलदाराला घेराव घातले. वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात विसापूरला आधीच रोजगार हमीचा प्रयोग करून बघितला होता. त्यातून राज्याची योजना आली, 1977 ला कायदा झाला, 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. केंद्राच्या 2005 च्या कायद्यामागंही हाच अनुभव. आज रोजगार हमीला नावं ठेवणाऱ्या कितीजणांच्या घरात आजी खडी फोडून आलेली आहे, एकदा विचारून बघा.

"तेव्हा धान्य नव्हतं पण पाणी होतं, आता धान्य आहे पण पाणी नाही," हे वाक्य पारावर रोज ऐकू येतं. 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं, त्यामुळं ते पटतंही. पण बोअरची मशिनं आपल्याकडं पसरली ती त्याच दुष्काळानंतर. उजनी 1980 ला पूर्ण झाली आणि त्या पाण्यावर ऊस कुणी लावला? आजच्या वीस वर्षांच्या पोरानं तर नाही. हा प्रश्न पोरांनी आजोबांना विचारला पाहिजे. आजोबांनी चिडू नये.

उलट आजोबांकडं जे आहे ते ॲपमध्ये नाही. आपली शाळू ज्वारी, मंगळवेढ्याची मालदांडी, जिला आता भौगोलिक मानांकन आहे, ती पावसाळाभर रान मोकळं ठेवून, उत्तरा-हस्ताच्या ओलीवर पेरायची. काळ्या रानातली ओल जानेवारीपर्यंत पुरायची. सगळा हिशोब वाफशाचा. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला महापूर आला, रानं तळ्यासारखी भरली, वाफसा येणार कधी? नक्षत्रं तीच राहिली, पाऊस सरकला. अशा वेळी किती उशिरापर्यंत पेरलं तर दाणा भरतो आणि कुठल्या तारखेनंतर फक्त कडबा हाती लागतो, हे जुन्या शेतकऱ्याला ठाऊक असतं. गेल्या चाळीस वर्षांचे पावसाचे आकडे पोरगं दहा मिनिटांत काढतं. हे दोघं एका बाकावर बसले तर काहीतरी हाताला लागेल.

आणि कृपा करून नुसते म्हातारेच बोलवू नका. म्हाताऱ्याही पाहिजेत. दुष्काळात चूल त्यांनी चालवली. तांदुळजा, घोळ, पाथरी कुठल्या बांधाला उगवते, बी कशात घालून ठेवलं की किडत नाही, हे त्यांना विचारा. नुसतं "2023 हे भरडधान्य वर्ष होतं" असं पोस्टर लावून ज्वारी परत ताटात येत नसते. अन्न सुरक्षा कायद्यात माणशी 5 किलो धान्य मिळतं हे चांगलंच आहे. पण आपल्याकडं ते बहुतेक वेळा गहू आणि तांदूळच असतं, आणि आपल्या रानात पिकते ज्वारी.

शेवटचा विषय पेवांचा. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी सरकारी कोठार लोकांना खुलं केल्याची कथा आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. पण घरोघरचं कोठार म्हणजे पेव. जमिनीत खोल खड्डा, आतून कडब्याचं अस्तर, वर मातीनं बंद. ज्वारी वर्षानुवर्षं राहायची. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली वाफ माणूस मारते. आधी कंदील सोडून बघायचा. तुमच्या गल्लीत पेवं कुठं होती? आमच्या गल्लीत दोन होती म्हणतात, वर आता काँक्रीटचा रस्ता आहे. नेमकी जागा दाखवू शकेल असं एकच माणूस उरलंय, आणि त्याला आता कमी ऐकू येतं.