गंधकाची साक्ष

इतिहास शिकवताना मी मुलांना एक वाक्य हमखास लिहून देत असे, 'साधने नाहीत, तर इतिहास नाही.' मग साधनांची यादी : शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी. या यादीत दगडाला जागा होती, पण त्यावर कोणी काही कोरले असेल तरच. न कोरलेला दगडही साक्ष देतो हे मला निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले.

साक्षीदार आहे गंधक. त्याचे ३२, ३३, ३४ आणि ३६ असे चार स्थिर समस्थानिक आहेत. गुणधर्म जवळजवळ सारखे, वजन तेवढे वेगळे. सर्वसाधारण रासायनिक क्रियांत ते वजनाच्या हिशेबाने वेगळे होतात. ३४ चे प्रमाण जितके बदलेल, त्याच्या साधारण निम्म्याने ३३ चे बदलते.

असाच हिशेब ऑक्सिजनलाही लागू आहे. १९६९ साली मेक्सिकोत आयेंदे येथे अशनी पडली. तिच्यातल्या ऑक्सिजनने हा नियम मोडलेला रॉबर्ट क्लेटन आणि सहकाऱ्यांना १९७३ मध्ये दिसला. रसायनाने असे घडत नाही, तेव्हा हे द्रव्य दुसऱ्या ताऱ्याच्या पोटातून आले असावे, असा अर्थ त्यांनी लावला. पुढे १९८३ मध्ये मार्क थीमेन्स आणि जॉन हायडेनराइख यांनी प्रयोगशाळेत ऑक्सिजनपासून ओझोन बनवला, आणि तिथेही नियम मोडला! म्हणजे साध्या रसायनानेही ते घडू शकत होते. पुरावा खरा होता, वाचन बदलावे लागले.

२००० साली जेम्स फार्कर, हुइमिंग बाओ आणि थीमेन्स यांनी पृथ्वीवरचे जुने खडक तपासले. सुमारे २४५ कोटी वर्षांपूर्वीच्या आणि त्याहून जुन्या खडकांत गंधकाचा हिशेब चुकलेला, नंतरच्या खडकांत तो जवळजवळ बरोबर. नंतरच्या संशोधनाने ही सीमा साधारण २४० ते २३० कोटी वर्षांपूर्वी आणून ठेवली.

कारण हवेत होते. ज्वालामुखींतून निघालेल्या गंधकाच्या वायूवर अतिनील किरण थेट पडत, कारण ऑक्सिजन नाही म्हणून ओझोनचे छत्र नाही. त्यातून तयार झालेली गंधकाची वेगवेगळी रूपे आपापली खूण घेऊन समुद्रतळाशी जाऊन बसत. ऑक्सिजन वाढल्यावर छत्र आले, सगळे गंधक एकाच रूपात मिसळले आणि खूण पुसली गेली. पाव्लोव आणि कास्टिंग यांनी २००२ मध्ये गणित मांडले : ही खूण टिकायला ऑक्सिजन आजच्या एक लाखांशापेक्षाही कमी हवा.

मंगळावरून आलेल्या अशनींतही फार्कर आणि सहकाऱ्यांना २००० सालीच अशी खूण सापडली. म्हणजे दुसऱ्या ग्रहाच्या हवेची हकीकतही दगडात आहे.

जी हवा आपण जन्मसिद्ध समजतो, ती पृथ्वीच्या जवळजवळ निम्म्या आयुष्यात नव्हतीच! माझे वाक्य मी अजूनही खोडणार नाही. चूक यादीत होती. ती मी पूर्ण समजून मुलांकडून पाठ करून घेतली, याचे मात्र आता वाईट वाटते.